तिकीट देण्याआधी अंदाजपत्रक हातात द्या : सर्व पक्षांच्या शहराध्यक्षांना खुले पत्र

प्रति,
सर्व राजकीय पक्षांचे शहराध्यक्ष, जिल्हाध्यक्ष आणि उमेदवार ठरवणाऱ्या मंडळांचे सन्माननीय सदस्य,
महाराष्ट्र.

विषय : महापालिकेच्या उमेदवारीसाठी हसरा चेहरा आणि गोड बोलणं पुरेसं धरले जात असल्याबाबत.
संदर्भ : आपल्या कार्यालयाबाहेर दर निवडणुकीला लागणारी इच्छुकांची रांग.

महोदय / महोदया,

आयुष्यभर सरकारी मसुदे लिहिले, त्यामुळे 'विषय' आणि 'संदर्भ' टाकल्याशिवाय हात पुढे सरकत नाही. चालवून घ्या.

हे पत्र निवडणुकीआधी लिहायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. पण तिकिटांच्या दिवसांत तुमच्यापैकी एकालाही पत्र वाचायला फुरसत नसते, हे मला पक्कं ठाऊक आहे. त्या दिवसांत तुमच्या खिशात एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचे कागद, असतात आणि फोन बंद असतो. आता २९ महापालिकांच्या निवडणुका उरकल्या, गुलाल धुऊन निघाला, सभागृहं भरली. पुढच्या रांगेला अजून अवकाश आहे. म्हणून आत्ता.

मी एका महापालिकेच्या नगरसचिव कार्यालयात नोकरी केली. शहराचं नाव सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही पत्र बाजूला ठेवून माणसं ओळखत बसाल. विषयपत्रिका तयार करणं, ती नगरसेवकांच्या घरी पोचेल असं बघणं, सभेत टिपणं घेणं, इतिवृत्त लिहिणं, मंजूर ठरावाला नंबर टाकणं, हे माझं काम. महापौरांच्या आसनाखाली जे लांब टेबल असतं, तिथे मान खाली घालून लिहिणारी दोन-तीन माणसं तुम्ही पाहिली असतील. त्यातला मी एक. तिथून सभागृह फार स्पष्ट दिसतं, कारण आपल्याकडे कुणी बघत नसतं.

इच्छुकांच्या मुलाखतींना मी हजर नव्हतो, पण बाहेर आलेल्यांकडून तिथले प्रश्न वर्षानुवर्षं ऐकले आहेत. सगळ्या पक्षांत ते जवळपास सारखेच. प्रभागात आपल्या समाजाची मतं किती? खर्च किती करू शकाल? समोरून कोण उभं राहील? मंडळं किती हाताशी आहेत? हल्ली त्यात रीलला किती लोक बघतात याची भर पडली आहे. तुमच्या भाषेत याला 'इलेक्टिव्ह मेरिट' म्हणतात, म्हणजे निवडून येण्याची क्षमता. त्या गुणपत्रिकेत बोलका स्वभाव, उंचापुरा बांधा, दहीहंडीला जमवलेली गर्दी, हळदीकुंकवाला वाटलेली भांडी, बसगाड्या भरून नेलेलं देवदर्शन, या सगळ्याला गुण आहेत. तुमच्या प्रभागात पाणी कुठल्या टाकीतून येतं, या प्रश्नाला गुण नाहीत, कारण तो प्रश्नच विचारला जात नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो, म्हणजे गैरसमज नको. गोड बोलणाऱ्या माणसांवर माझा राग नाही. सार्वजनिक कामात माणूस माणसाला आवडावा लागतो. जो नगरसेवक अंत्ययात्रेला जात नाही, लग्नात पंगतीतून फिरत नाही, रात्री बारा वाजता फोन उचलत नाही, त्याच्याकडे लोक गाऱ्हाणं घेऊन जाणार कसे? तेवढा मोकळेपणा हवाच. माझी तक्रार अशी आहे, की तुम्ही तिथेच थांबता.

आता सभागृहात काय होतं ते सांगतो.

सभेच्या काही दिवस आधी शिपाई प्रत्येक नगरसेवकाच्या घरी विषयपत्रिकेचं बाड नेऊन देतो. विषय जास्त असले की ते जाडजूड होतं, म्हणून त्याला आम्ही रबर लावायचो. सभेच्या दिवशी ते बाड नगरसेवकांसोबत परत यायचं, आणि सभागृहातल्या बाकांवर नुसती नजर फिरवली तरी कळायचं की किती रबरं अजून जागेवर आहेत. बहुतेक जागेवरच असायची. काहींची बाडं तर ड्रायव्हरच्या सीटमागून थेट यायची, वर चहाचा डाग घेऊन. मग महापौर वाचायचे, 'विषय क्रमांक अमुक ते तमुक', खालून आवाज यायचा 'मंजूर, मंजूर', आणि शहराचे कोट्यवधी रुपये चहा गार व्हायच्या आत मार्गी लागायचे. वर 'ऐनवेळचे विषय' म्हणून जे येतात, ते तर कुणाच्या घरी गेलेलेच नसतात.

आमच्या सभागृहात एक नगरसेवक होते. त्यांना सगळे 'भाऊ' म्हणत, मीही तेच म्हणतो. इतका लाघवी माणूस मी क्वचित पाहिला. नगरसचिव कार्यालयातल्या प्रत्येक शिपायाच्या मुलीचं नाव त्यांना पाठ. सभागृहात शिरले की विरोधी बाकांवरचे लोकही हसून हात वर करत. भाषणाला उभे राहिले की पत्रकार पेन काढायचे, कारण एखादी तरी शाब्दिक कोटी हमखास मिळायची.

भाऊंच्या प्रभागात एक मोकळी जागा होती. विकास आराखड्यात ती खेळाच्या मैदानासाठी आरक्षित. पोरं तिथे क्रिकेट खेळायची, त्यामुळे मैदान आहेच, असा सगळ्यांचा समज. पण जागा खासगी मालकीची होती आणि पालिकेनं ती कधी ताब्यात घेतलीच नव्हती. प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा १९६६ चा. त्याचं कलम १२७ सांगतं, की आराखडा अंमलात येऊन १० वर्षं झाली आणि आरक्षित जागा घेतली गेली नाही, तर मालक 'माझी जागा खरेदी करा' अशी नोटीस बजावू शकतो. त्यानंतर ठरलेल्या मुदतीत पालिकेनं संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे संपतं, आणि मालक मोकळा. ही मुदत आता २४ महिने आहे. त्या काळी अवघे सहा महिने होती.

मालकानं नोटीस दिली. नगररचना विभागानं संपादनाचा आणि त्यासाठीच्या तरतुदीचा प्रस्ताव सभेपुढे ठेवला. तो विषयपत्रिकेवर आला तेव्हा मी स्वतः त्याला क्रमांक दिला होता. पहिल्या सभेत कुणा ज्येष्ठ माजी सदस्याच्या निधनाबद्दल श्रद्धांजली वाहून सभा तहकूब झाली. दुसऱ्या वेळी आधीच्याच विषयांवर गोंधळ झाला आणि सभा तहकूब झाली. तिसऱ्या वेळी तहकुबीची सूचना लेखी आली, सूचक आणि अनुमोदक यांच्या सह्यांसह. अनुमोदक होते भाऊ. कुणीतरी हसत हसत कागद पुढे केला, भाऊंनी हसत हसत सही केली. त्यांच्याच प्रभागाचं मैदान त्या दिवशीच्या पत्रिकेवर आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. बाडाचं रबर निघालं नव्हतं. कागद पुढे करणाऱ्याला मात्र ते नक्की माहीत होतं, कारण त्याचं बाड पानोपानी दुमडलेलं होतं आणि मी ते पाहत होतो.

सहा महिने उलटले. पुढे तिथे इमारत उभी राहायला लागली, तेव्हा भाऊंनी मोर्चा काढला. मोर्चा मोठा झाला, भाषण झकास झालं, वर्तमानपत्रात फोटो आला. पुढच्या निवडणुकीत भाऊ पुन्हा निवडून आले. तुमच्या हिशेबात हे त्यांच्या लोकप्रियतेचं प्रमाणपत्र असेल. मैदान गेलं ते गेलंच.

तयारी नसलेला प्रतिनिधी निरुपयोगी असतो, इतकीच गोष्ट असती तर मी हे पत्र लिहिलं नसतं. निरुपयोगी माणूस परवडतो. पण ज्यानं कागद वाचलेला नाही, तो ज्यानं वाचलाय त्याच्या हातात जातो. कधी तो अधिकारी असतो, कधी ठेकेदार, कधी बिल्डर, कधी स्वतःच्याच पक्षाचा गटनेता. भाऊंनी कुणाकडून एक पैसा घेतला असेल, असं मला आजही वाटत नाही. त्यांची सही फुकट मिळाली. आणि ती मिळवणाऱ्यासाठी भाऊंचं सर्वांना आवडणं ही तर जमेचीच बाजू होती. भाऊंची सही असलेल्या सूचनेवर शंका कोण घेणार?

अंदाजपत्रकाची गोष्ट याहून कोरडी आहे, पण पैसा तिथे आहे. आयुक्त ते स्थायी समितीपुढे मांडतात. समितीत १६ सदस्य. समिती त्यात आपली भर घालते आणि मग ते मुख्य सभेत येतं. समजा आयुक्तांनी हजार कोटींचं मांडलं. समिती त्यात दीड-दोनशे कोटी वाढवते, कारण प्रत्येकाला आपल्या प्रभागातली कामं बसवायची असतात. खर्च वाढला की जमाही वाढवून दाखवावी लागते. मग 'थकबाकी वसुलीतून', 'जागांच्या भाड्यातून' असे आकडे लिहिले जातात. ते येणार नाहीत हे लेखा विभागाला माहीत असतं, आयुक्तांना माहीत असतं, जुन्या सदस्यांना माहीत असतं. नवा, उत्साही, देखणा नगरसेवक आपल्या उद्यानाची तरतूद वहीत लिहून घेऊन घरी जातो आणि फ्लेक्स लावतो : 'अमुक कोटींचा निधी मंजूर'. डिसेंबरात तो फाइल घेऊन लेखा विभागात येतो, तेव्हा त्याला उत्तर मिळतं, 'साहेब, तरतूद आहे, पैसे नाहीत.' तरतूद आणि पैसे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे निवडून आल्यावर वर्षभरानं कळणारे सदस्य मी डझनांनी पाहिले. काहींना मुदत संपेपर्यंत कळलं नाही.

आणि आता तर जमेची बाजू बघणारा माणूस जास्तच हवा. पूर्वी जकात होती, नाक्यावर रोज पैसा यायचा. जकात गेली, एलबीटी म्हणजे स्थानिक संस्था कर आला, तोही गेला, आणि १ जुलै २०१७ पासून जीएसटी. तेव्हापासून महापालिकांचं मोठं उत्पन्न म्हणजे राज्याकडून येणारं भरपाईचं अनुदान. स्वतःच्या हातात उरला मुख्यतः मालमत्ता कर, पाणीपट्टी आणि बांधकाम परवानगीचं शुल्क. म्हणजे शहर जेवढं बिल्डरच्या भरवशावर, तेवढी तिजोरी भरलेली. हे ज्याला कळतं तो सभागृहात वेगळे प्रश्न विचारतो. ज्याला कळत नाही तो करवाढ फेटाळल्याचं श्रेय घेतो आणि त्याच सभेत उड्डाणपूल मागतो.

तुमचं उत्तर मला माहीत आहे. 'म्हणजे आम्ही काय पदवीधरांनाच तिकीट द्यायचं का? सामान्य माणसानं राजकारणात यायचं नाही का?'

अजिबात तसं म्हणत नाही. वसंतदादा पाटील फार शिकलेले नव्हते, पण ऊस, पाणी आणि सहकार या तीन गोष्टींत त्यांना गंडवू शकेल असा अधिकारी महाराष्ट्रात नव्हता. आमच्या सभागृहातलं उदाहरण देतो. २०११ नंतर महिलांचं आरक्षण ५० टक्के झालं, आणि पुढच्या निवडणुकीत एक बाई निवडून आल्या. शिक्षण दहावीपर्यंत. सुरुवातीला त्यांचे यजमान त्यांच्या दोन पावलं पुढे चालायचे, आणि पालिकेतले लोक त्यांनाच 'नगरसेवक' म्हणायचे. बाई सभेत बोलायच्या नाहीत. पण त्यांच्या बाडाला रबर नसायचं. त्या आमच्या कार्यालयात यायच्या, एखादा शब्द पेन्सिलीनं गोल केलेला असायचा, आणि विचारायच्या, 'दादा, हे दायित्व म्हणजे काय हो?' मी सांगायचो. ठेकेदारांची जुनी बिलं द्यायची राहिली असली तर ते दायित्व. त्या वहीत लिहून घ्यायच्या.

एकदा त्यांच्या प्रभागातल्या नव्या पाण्याच्या टाकीचा विषय आला. १२ लाख लिटरची टाकी. सगळे खूश, 'मंजूर'चा आवाज उठलेलाही होता. बाई उभ्या राहिल्या. त्यांनी वही काढली आणि म्हणाल्या, प्रभागात माणसं १८ हजार. तुमचाच निकष माणशी रोज १३५ लिटर. म्हणजे रोज लागतं २४ लाख ३० हजार लिटर. टाकी दिवसातून दोनदा तरी भरायला हवी. ती भरणार कुठल्या नळानं? त्या नळाचा खर्च या प्रस्तावात कुठे आहे?

सभागृह एकदम शांत झालं. पाणीपुरवठ्याचे अभियंता उठले आणि म्हणाले, 'मुख्य जलवाहिनीचं काम पुढच्या टप्प्यात प्रस्तावित आहे.' बाई म्हणाल्या, 'मग टाकीपण पुढच्या टप्प्यात बांधा की.' लोक हसले, पण विषय महिनाभर मागे गेला आणि परत आला तो जलवाहिनीच्या खर्चासह. महाराष्ट्रात पाण्याविना उभ्या असलेल्या टाक्या तुम्हीही पाहिल्या असतील. पाच मिनिटांचा गुणाकार कुणी केला नाही, म्हणून त्या तशा उभ्या आहेत.

या बाईंना पुढच्या वेळी तिकीट मिळालं नाही. आरक्षण बदललं, आणि खुल्या जागेवर त्यांच्या पक्षाला 'चेहरा' हवा होता.

तयारीची ही अपेक्षा कुठून बाहेरून आणलेली नाही. ती इथलीच आहे. गोपाळ कृष्ण गोखले १९०२ साली मध्यवर्ती कायदेमंडळात अंदाजपत्रकावर पहिल्यांदा बोलले. सरकार शिलकीचं अंदाजपत्रक मिरवत होतं. गोखल्यांनी सरकारचेच आकडे समोर ठेवून दाखवलं, की देश दुष्काळानं पिचलेला असताना ही शिल्लक भरभराटीची खूण नाही. करांचं ओझं गरजेपेक्षा जास्त आहे, एवढंच ती सांगते. मिठावरचा कर कमी करा, ही मागणी त्यांनी लावून धरली आणि पुढच्याच वर्षी तो मणामागे अडीच रुपयांवरून दोनवर आला. आवाज चढवून सभा जिंकणाऱ्यांपैकी गोखले नव्हते. त्या भाषणांमागे गणेश व्यंकटेश जोशी नावाचे एक शाळामास्तर होते. सरकारी अहवालांतून आकडे वेचणं हा त्यांचा ध्यास, आणि गोखले त्यांच्याशी पत्रव्यवहार करून एकेक आकडा घासून घेत. पुढे १९०५ मध्ये गोखल्यांनी भारत सेवक समाज काढला, तेव्हा नव्या सदस्यांना पाच वर्षं शिकाऊ उमेदवारी करायला लावली. पाच वर्षं, मगच बोलायचं. आजच्या कुणा इच्छुकाला हे सांगून बघा.

बाबासाहेबांनी तर १९५६ साली मुंबईत खास राजकारणात येऊ इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण शाळा काढली. त्याच वर्षी डिसेंबरात ते गेले, आणि शाळाही फार टिकली नाही. त्यांच्या नावानं मेळावे भरवणारे पक्ष आज कितीतरी आहेत. ती शाळा पुन्हा का भरू नये?

आणि ज्यांच्याकडे मोहिनी आणि अभ्यास दोन्ही होतं, अशी माणसंही आपण पाहिली आहेत. कोकणातल्या राजापूरचे खासदार बॅरिस्टर नाथ पै बोलायला उभे राहिले की विरोधकसुद्धा जागा सोडत नसत, असं जुनी माणसं सांगतात. पण १९६७ मध्ये गोलकनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मूलभूत हक्कांत बदल करण्याचा संसदेचा अधिकार नाकारला, तेव्हा त्याला उत्तर म्हणून खासगी विधेयक आणणारेही नाथ पैच. ते त्यांच्या हयातीत मंजूर झालं नाही; १९७१ च्या २४ व्या घटनादुरुस्तीनं पुढे तीच दिशा धरली. त्यांची भूमिका पटो न पटो, कायद्याची पानं न उलटता असं विधेयक लिहिता येत नाही.

उलट उदाहरणही मुंबईचंच. २००४ मध्ये उत्तर मुंबईत काँग्रेसनं चित्रपट अभिनेते गोविंदा यांना उभं केलं. समोर राम नाईक : त्याच मतदारसंघातून पाच वेळा निवडून आलेले, तेव्हाचे पेट्रोलियम मंत्री, दरवर्षी आपल्या कामाचा अहवाल छापून लोकांना देणारे. गोविंदा जिंकले. पुढची पाच वर्षं त्यांच्या संसदेतल्या गैरहजेरीवर सतत टीका होत राहिली आणि २००९ मध्ये ते पुन्हा उभे राहिले नाहीत. दोष एकट्या गोविंदांना देणं मला पटत नाही. त्यांनी आपण कोण आहोत हे कधी लपवलं नव्हतं. निवड पक्षाची होती. त्याच शहरात, त्याच पक्षाचे, त्याच चित्रपटसृष्टीतले सुनील दत्त पाच वेळा लोकसभेवर गेले, आणि पंजाब पेटलेला असताना १९८७ मध्ये मुंबईहून अमृतसरपर्यंत पायी गेले. म्हणजे पडद्यावरचा चेहरा ही काही अपात्रता नाही.

'लोकच चेहरा बघून मत देतात, आम्ही काय करणार,' हे तुमचं दुसरं उत्तर. मुंबई सोडून बहुतेक महापालिकांत बहुसदस्यीय प्रभाग आहेत, साधारण चार जागांचे. मतदार चार बटणं दाबतो. खरं सांगा, त्यातल्या चारही जणांना ओळखून मत देणारे किती? एकाला ओळखतात, बाकीचे तीन तुमच्या चिन्हावर वाहून जातात. म्हणजे चारातले तीन नगरसेवक तुम्ही नेमता, लोक फक्त शिक्का मारतात. मग त्यांच्या तयारीची जबाबदारी लोकांवर कशी ढकलता?

जिथे चेहऱ्याची गरजच नाही, तिथे काय करता तेही पाहिलं. स्वीकृत नगरसेवक लोकांतून निवडून यायचे नसतात. पालिका कारभाराचं विशेष ज्ञान किंवा अनुभव असलेली माणसं सभागृहात यावीत, म्हणून कायद्यानं ही जागा ठेवली. पूर्वी कमाल पाच होती, आता कमाल १० पर्यंत नेली. त्या जागांवर कोण बसतं? पडलेला, रुसलेला, माघार घेतलेला. डॉक्टर, अभियंता, सनदी लेखापाल, नगररचनाकार यांच्यासाठी उघडलेलं दार तुम्ही पुनर्वसन केंद्र करून टाकलंत. सगळ्या पक्षांनी मिळून केलंत, यात विरोधी पक्षनेताही मागे नव्हता.

एक गोष्ट बोचते. २०२२ पासून जवळपास चार वर्षं बहुतेक महापालिकांत प्रशासक होते. नगरसेवक नव्हते. या काळात माझ्या ओळखीतल्या किती जणांनी 'नगरसेवक नसल्यानं अमुक अडलं' असं म्हटलं? गटार तुंबलं की म्हणाले. दाखला मिळेना की म्हणाले. पण अंदाजपत्रक सभेत चर्चा न होता मंजूर झालं, याबद्दल हळहळणारा मला भेटला नाही. का भेटावा? लोकांनी सभागृहात चर्चा झालेली पाहिली असती, तर ती बंद पडल्याचं त्यांना कळलं असतं. निवडून आलेल्यांवाचून कारभार चालतो, अशी समजूत लोकांत रुजणं हे तुम्हा सगळ्यांच्या पोटावर येणारं आहे. सत्ताधाऱ्यांच्याही आणि विरोधकांच्याही.

आता मागणी. मोठी नाही.

पुढच्या वेळच्या मुलाखतीच्या आठ दिवस आधी प्रत्येक इच्छुकाच्या हातात दोन गोष्टी द्या : शहराचं चालू अंदाजपत्रक आणि त्याच्या प्रभागाचा विकास आराखड्याचा नकाशा. अंदाजपत्रक संकेतस्थळावर असतं, नकाशा नगररचना विभागात मिळतो. मुलाखतीत जात, पैसा, मंडळं काय विचारायचं ते विचारा, मी कोण अडवणार? पण शेवटी तीन प्रश्न घाला. तुझ्या प्रभागात कुठल्या जागांवर आरक्षण आहे आणि त्यातल्या किती पालिकेच्या ताब्यात आहेत? पाणी कुठल्या टाकीतून येतं आणि ती कधी भरते? गेल्या अंदाजपत्रकात प्रभागासाठी धरलेल्या कामांपैकी प्रत्यक्ष किती झाली? उत्तर आलं नाही म्हणून लगेच बाद करू नका. महिनाभरानं पुन्हा विचारा. ज्याला शिकायचंय तो तोवर टाकीवर पाणी सोडणाऱ्या वॉलमनशी दोस्ती करून येईल. गोड बोलणाऱ्याला तर ते फारच सोपं जाईल.

जे आत्ता निवडून आले आहेत, त्यांच्यासाठी थांबायचंही कारण नाही. पुण्यात यशदा ही सरकारी प्रशिक्षण संस्था आहे. अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था १९२६ पासून हेच काम करते आहे. उत्तनला रामभाऊ म्हाळगी प्रबोधिनी आहे. तिथे पाठवा, पण पाठवल्याचा फोटो काढून थांबू नका. परत आल्यावर पक्षाच्या बैठकीत प्रत्येकाला एक प्रस्ताव उघडून समजावून सांगायला लावा. गटनेत्यांना माझी स्वतंत्र विनंती : सभेआधीच्या पक्षबैठकीत 'कुठल्या विषयाला हात वर करायचा' एवढंच सांगता, त्यात विषय काय आहे हेही सांगा. त्यानं बंडखोरी वाढेल अशी भीती असेल, तर ती खरी आहे. थोडी वाढेल.

आणि आमच्यासारखे निवृत्त लोक प्रत्येक शहरात आहेत. नगरसचिव कार्यालयातले, लेखा विभागातले, पाणीपुरवठ्यातले. आम्हाला पद नको, मानधन नको, स्वीकृतची जागा तर नकोच. तुमच्या पक्ष कार्यालयात एक टेबल, एक पंखा आणि समोर बाड उघडून बसायला तयार असलेली चार माणसं मिळाली, तर कुठल्याही पक्षाकडे यायची माझी तयारी आहे. मंगळवार सोडून. मंगळवारी नातवाला पोहायला न्यावं लागतं.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त पालिका कर्मचारी